नोटेआधी पुस्तक, पण कोणतं?

माझ्या हाती आलेल्या पहिल्याच परदेशी नोटेवर केळीचं झाड होतं आणि ठळक अक्षरांत 'द जॅपनीज गव्हर्नमेंट' व 'टेन डॉलर्स' असं छापलेलं होतं. साल कुठेच नव्हतं. क्रमांकाच्या जागी नुसती दोन अक्षरं होती, त्यातलं पहिलं एम. मी एक जाडजूड कॅटलॉग मिळवला, जपानचं प्रकरण उघडलं आणि ते तीनदा चाळलं. नोट सापडली नाही. पुढचे दोन दिवस मी जगात कुणालाच ठाऊक नसलेल्या नोटेचा मालक होतो.

तिसऱ्या दिवशी ती मलायाच्या प्रकरणात सापडली. दुसऱ्या महायुद्धात जपानने जिंकलेल्या प्रदेशांत चालवायला त्या त्या प्रदेशाच्या चलनात नोटा छापल्या होत्या. त्यावरचं पहिलं अक्षर मुलूख सांगतं: एम म्हणजे मलाया, बी म्हणजे ब्रह्मदेश, पी म्हणजे फिलिपिन्स, ओ म्हणजे ओशनिया. म्हणून 'जपान सरकार' असं छापलेली रुपयाची नोट दिसली तर तिला ब्रह्मदेशात शोधायचं आणि पेसोची दिसली तर फिलिपिन्समध्ये. माझी दहा डॉलरची नोट तर इतकी सर्रास मिळते की तिच्यासाठी दोन दिवस छाती फुगवल्याची नंतर लाज वाटली.

चूक पुस्तकाची नव्हती. ते वापरायचं कसं, हे मी वाचलंच नव्हतं. जुन्या नोटा जमवू लागलेल्याला 'आधी पुस्तक घे, मग नोट घे' हा सल्ला सगळेच देतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. पुस्तक घेताना आपल्याला कोणता प्रश्न पडलाय हे आधी ठरवावं लागतं, कारण एकच पुस्तक सगळ्या प्रश्नांना पुरत नाही. ही नोट कुणाची, हा एक प्रश्न. तिच्या दहा जुळ्या भावंडांपैकी ही नेमकी कोणती, हा दुसरा. ती खरी आहे का, हा तिसरा. बहुतेक जण मात्र पुस्तक उघडतात ते चौथ्या प्रश्नासाठी, म्हणजे हिची किंमत किती. छापील पुस्तक ज्याचं उत्तर सर्वांत वाईट देतं तो नेमका हाच प्रश्न.

जगाचा कॅटलॉग

'ही नोट कुणाची' याचं उत्तर जगभराच्या नोटांचा सर्वसाधारण कॅटलॉग देतो. त्यातला सर्वांत रुळलेला म्हणजे 'स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड पेपर मनी'. अल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाने केलेल्या मांडणीवर तो उभा आहे आणि १९७५ साली तो अमेरिकेत पहिल्यांदा निघाला. नोटांच्या व्यवहारात जिकडेतिकडे दिसणारा 'पिक नंबर' हाच. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला नोटेचं वर्णन न करता नुसतं देशाचं नाव आणि 'पी-१२' असं कळवलं, तरी त्याला नोट समजते. या कॅटलॉगची खरी देणगी हा सामायिक क्रमांक आहे. बाकी माहितीत उणिवा काढता येतात आणि लोक त्या काढतातही.

पुढे हा ग्रंथ तीन खंडांत विभागला गेला. पहिल्याच खरेदीत पाय घसरतो तो इथे. एका खंडात १३६८ ते १९६० या काळातल्या सरकारी आणि मध्यवर्ती बँकांच्या नोटा आहेत. दुसऱ्यात १९६१ पासून पुढच्या. तिसरा विशेष खंड प्रांतिक सरकारं, खाजगी बँका आणि स्थानिक नोटांचा. दुकानात सर्वांत नवा, चकचकीत आणि रंगीत असतो तो १९६१ नंतरचा खंड. त्यामुळे 'जुन्या नोटांचं पुस्तक' म्हणून अनेक जण तोच घरी आणतात आणि त्यात आजोबांच्या काळातली एकही नोट सापडत नाही.

१३६८ हे साल कुठून आलं, याचं मला बरेच दिवस कुतूहल होतं. ते चीनमध्ये मिंग घराणं गादीवर आल्याचं वर्ष. त्या घराण्याची प्रसिद्ध नोट निघाली १३७५ मध्ये, तुतीच्या सालीच्या करड्या कागदावर, जवळजवळ ३४ सेंटिमीटर उंचीची. म्हणजे पुस्तकाच्या कव्हरवरचं साल नोटेचं नाही, राजवटीचं आहे. कॅटलॉगमधलं प्रत्येक साल असंच थोडं थांबून वाचावं लागतं.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'एनडी' ही खूण. 'एनडी (१९४२)' असं लिहिलेलं असेल तर नोटेवर साल छापलेलंच नाही, आणि कंसातलं वर्ष अभ्यासकांनी इतर पुराव्यांवरून दिलेलं आहे. नवखा माणूस नोटेवर १९४२ शोधत बसतो, ते सापडत नाही, आणि आपली नोट वेगळी आहे असं धरून चालतो. उलटही होतं. नोटेवर साल असतं, पण आपल्या ओळखीच्या कालगणनेत नसतं. थायलंडच्या नोटेवर बौद्ध वर्ष असेल तर त्यातून ५४३ वजा करायचे. चिनी प्रजासत्ताकाच्या नोटेवरचं पहिलं वर्ष म्हणजे १९१२. हिजरी सालाला साधी वजाबाकी चालत नाही, कारण ते वर्षच लहान असतं. चांगल्या कॅटलॉगमध्ये या सगळ्यांचं कोष्टक आणि वेगवेगळ्या लिप्यांतले अंक सुरुवातीच्या पानांत दिलेले असतात. पुस्तक विकत घेण्याआधी मी आता आधी ती पानं बघतो. ती नसतील तर लेखकाने वाचकाचा विचार केलेला नाही, असं मी समजतो.

क्रमांकातली अक्षरंही बोलतात. आकड्याआधी एस असेल तर ती नोट विशेष खंडातली, म्हणजे प्रांतिक किंवा खाजगी. एम असेल तर लष्करी किंवा कब्जेदार राजवटीची, माझ्या केळीच्या नोटेसारखी. आकड्यानंतरचं लहान अक्षर पोटप्रकार सांगतं: सही बदलली, साल बदललं, कागद बदलला. त्याच जागी एस आला तर तो 'स्पेसिमेन', म्हणजे बँकांना ओळखीसाठी पाठवलेला नमुना. आणि मोठं अक्षर, समजा ४५ नंतर ४५ए, याचा अर्थ बहुधा असा की क्रमांक देऊन झाल्यावर मध्येच एक नोट उजेडात आली आणि पुढचे सगळे आकडे सरकवण्याऐवजी तिला शेजारी खुर्ची टाकून दिली. काही देशांच्या बाबतीत मात्र पुढच्या आवृत्त्यांमध्ये क्रमांक खरोखरच बदलले. जुन्या यादीतला आकडा नव्या पुस्तकात भलत्याच नोटेवर जाऊन पडतो तो यामुळे. कुणाशी व्यवहार करताना क्रमांकाबरोबर आवृत्ती कोणती हेही विचारावं.

एकाच देशात शिरल्यावर

सर्वसाधारण कॅटलॉग संपूर्ण जग कवेत घेतो, म्हणून प्रत्येक देशाच्या वाट्याला थोडी जागा येते. दहा देशांच्या प्रत्येकी चार नोटा जमवणाऱ्याला ती पुरते. एकाच देशाच्या चाळीस नोटा झाल्या की पुरत नाही.

बँक ऑफ इंग्लंडची एक पौंडाची नोट घ्या. बँकेने ती १९२८ मध्ये काढली तेव्हा ती हिरवी होती. महायुद्ध सुरू झालं, शत्रू खोट्या नोटा पेरेल अशी भीती होती, म्हणून १९४० मध्ये रंग निळा केला आणि कागदात धातूचा धागा घातला. चलनी नोटेत असा धागा वापरण्याची ती पहिली वेळ. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये हिरवा रंग परत आला, आधी धाग्याशिवाय आणि मग धाग्यासह. या सगळ्या काळात चित्र तेच. सह्या मात्र मुख्य रोखपालाबरोबर बदलत गेल्या: मेहॉन, कॅटर्न्स, मग पेपियाट, मग बील, मग ओब्रायन. शिवाय क्रमांकाआधीची अक्षरं, म्हणजे प्रीफिक्स, कोणत्या सहीबरोबर कुठून कुठपर्यंत आली याचीही स्वतंत्र नोंद असते. एकाच पौंडाची भलीमोठी बिरादरी तयार होते. जगाच्या कॅटलॉगमध्ये ती काही ओळींत आटोपते, ब्रिटिश नोटांच्या स्वतंत्र कॅटलॉगमध्ये तिला कित्येक पानं मिळतात.

आता यात एक गंमत आहे. जुन्या आवृत्त्या कृष्णधवल छापल्या जात. हिरवी आणि निळी नोट छायाचित्रात अगदी सारखी दिसते, आणि धागा तर दिसतच नाही. अशा पुस्तकात चित्र जुळलं म्हणून खूण करून मोकळं होऊ नये. शेजारच्या बारीक अक्षरांतलं वर्णन वाचावं, नोट उजेडासमोर धरावी. चित्रांचं आकारमानही फसवतं. नोटांची छायाचित्रं छापण्यावर अनेक देशांत निर्बंध असतात. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने रंगीत चित्राला परवानगी मिळाली तीही ते मूळ आकाराच्या तीन-चतुर्थांशापेक्षा लहान किंवा दीडपटीपेक्षा मोठं असेल तरच. त्यामुळे पुस्तकातल्या चित्रावर नोट ठेवून मापं जुळवायला जाऊ नये. मिलिमीटरमध्ये माप दिलेलं आहे का, हे बघावं. चांगल्या देशवार पुस्तकात ते असतंच.

जर्मनीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. १९२३ च्या महागाईत तिथल्या मध्यवर्ती बँकेला नोटा छापायला स्वतःचा छापखाना पुरेना, म्हणून शंभराहून जास्त खाजगी छापखाने कामाला लावले गेले. एकाच किमतीची, एकाच तारखेची नोट वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या जलचिन्हांसह, छापखान्याच्या वेगवेगळ्या सांकेतिक अक्षरांसह आणि क्रमांकातल्या कमीजास्त आकड्यांसह सापडते. हे सगळं सुटं करून सांगणारा कॅटलॉग म्हणजे रोझेनबर्ग. तो जर्मन भाषेत आहे, आणि भाषा येत नाही म्हणून अनेक जण त्याच्या वाटेला जात नाहीत. मला हे पटत नाही. कॅटलॉग ही कादंबरी नसते. 'उंटरश्रिफ्ट' म्हणजे सही, 'वासरत्साइखेन' म्हणजे जलचिन्ह, असे चाळीस-पन्नास शब्द एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवले की काम भागतं. त्या त्या देशातल्या माणसांनी त्यांच्या भाषेत केलेलं काम बहुतेक वेळा जागतिक कॅटलॉगच्या पुढेच असतं, कारण मूळ कागदपत्रं आणि जुने संग्रह त्यांच्या हाताशी असतात.

त्या काळात आणि त्याआधीच्या काही वर्षांत जर्मनीतल्या हजारो गावांनी, नगरपालिकांनी, कारखान्यांनी स्वतःच्या 'नोटगेल्ट' नावाच्या आणीबाणीच्या नोटा काढल्या. त्यांतल्या कित्येक तर रंगीबेरंगी मालिका होत्या आणि चालवण्यापेक्षा संग्राहकांना विकण्यासाठीच छापलेल्या होत्या. त्या रोझेनबर्गमध्ये शोधू नयेत. त्यांचे कॅटलॉग वेगळे आणि तेही अनेक. कोणतंही देशवार पुस्तक घेताना ते काय वगळतं हे आधी विचारावं लागतं ते यामुळे.

प्रत्येक देशाची स्वतःची क्रमांकपद्धतही असते. अमेरिकेच्या नोटांसाठी १९५३ पासून चालत आलेला, फ्रिडबर्गच्या कॅटलॉगमधला क्रमांक पिकपेक्षा जास्त वापरला जातो. अमेरिकन यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या संघाच्या, म्हणजे कॉन्फेडरेसीच्या नोटा 'टी' या अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाने ओळखतात. आपल्या आवडीच्या नोटांबद्दल जाणकार कोणत्या क्रमांकात बोलतात ते लिलावाच्या दोन-तीन याद्या वाचून कळतं. पुस्तक तेच घ्यावं. दुसरं कितीही देखणं असलं तरी त्याचे आकडे कुणाला कळणार नसतील तर ते एकट्याने बोलण्यासारखं.

किमतीचे रकाने

आता तो चौथा प्रश्न. कॅटलॉगमध्ये बहुधा तीन रकाने असतात आणि ते नोटेच्या स्थितीप्रमाणे किंमत देतात. या स्थितीच्या शब्दांनी नवख्यांना जितकं फसवलंय तितकं खोट्या नोटांनीही फसवलं नसेल. 'गुड' म्हणजे चांगली, असं कुणालाही वाटेल. नोटांच्या भाषेत 'गुड' म्हणजे वापरून वापरून लुळी पडलेली, मळकी, कडा फाटलेली नोट. त्याखाली 'फेअर' आणि 'पुअर' एवढ्याच पायऱ्या उरतात. खरोखर चांगली नोट 'व्हेरी फाइन'पासून पुढे सुरू होते आणि अगदी कोरी असेल तर 'अनसर्क्युलेटेड'. इंटरनॅशनल बँक नोट सोसायटी ही संस्था १९६१ पासून आहे आणि तिने या पायऱ्यांच्या व्याख्या ठरवून दिल्या आहेत. पुस्तकाच्या सुरुवातीला कोणत्या व्याख्या वापरल्या ते लिहिलेलं असतं. ते न वाचता तिसऱ्या रकान्यातला आकडा आपल्या दुमडलेल्या नोटेला लावणं हा आपल्या छंदातला सर्वांत जुना विनोद आहे.

त्या आकड्यांवर किती विसंबायचं? थोडंच. पुस्तक छापायला जातं तेव्हाच ते शिळे होऊ लागलेले असतात, आणि हजारो नोटांच्या किमती दरवर्षी नव्याने तपासणं कुठल्याच संपादकाला शक्य नसतं. कित्येक ओळी आवृत्त्यांमागून आवृत्त्या तशाच पुढे सरकतात. पण आकड्यांमधलं अंतर उपयोगाचं असतं. एका नोटेची वापरलेल्या आणि कोऱ्या स्थितीतली किंमत तिपटीने वेगळी आहे, दुसरीची पन्नासपटीने, तर दुसरी नोट लोकांनी भरपूर वापरली आणि फार थोड्यांनी कोरी जपली, एवढं त्यातून कळतं. पोटप्रकारांचंही तसंच: तीन सह्यांपैकी एकीपुढचा आकडा एकदम उडी मारत असेल तर ती सही थोडा काळच चालली असणार. हे प्रमाण बऱ्याच वर्षांनीही टिकून राहतं. प्रत्यक्ष किंमत हवी तर अलीकडे लिलावात काय आकडा निघाला ते पाहावं. बऱ्याच लिलावगृहांचे जुने निकाल इंटरनेटवर खुले असतात.

म्हणूनच जुनी आवृत्ती घ्यायला मी कधी संकोच करत नाही. सह्या, जलचिन्हं, छपाईच्या तारखा दहा वर्षांत बदलत नाहीत. नव्या आवृत्तीत भर पडते ती शोधांची आणि दुरुस्त्यांची. चालू काळातल्या नोटा जमवणाऱ्याला मात्र जुनी प्रत कुचकामी. त्याच्यासाठी इंटरनेटवरचे कॅटलॉग बरे, कारण नवी नोट निघाली की त्यांत लगेच भर पडते. शिवाय पिकचा कॅटलॉग छापणाऱ्या प्रकाशनाची मूळ कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा दरवर्षी नवा ठोकळा येईल या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. इंटरनेटवरच्या कॅटलॉगमध्ये मात्र नोंदी अनेक हातांनी भरलेल्या असतात. एखाद्या पोटप्रकाराचं वर्णन दुसरीकडून जसंच्या तसं उचललेलं आहे की कुणी नोट हातात धरून लिहिलंय, हे वाचणाऱ्यालाच ताडावं लागतं.

जे पुस्तकात नाही

कॅटलॉगमध्ये नसलेली नोट म्हणजे दुर्मीळ नोट, हा समज माझ्यासारख्या अनेकांचे दोन-दोन दिवस खातो. नोट पुस्तकात नसण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: आपण चुकीच्या देशात शोधतोय, चुकीच्या खंडात शोधतोय, ती जाहिरातीचा कागद आहे किंवा लॉटरीचं तिकीट आहे. किंवा ती नक्कल आहे. 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'ची १८४० सालची हजार डॉलरची एक नोट वर्षानुवर्षं लोकांच्या पेट्यांमधून बाहेर पडतेय. कागद पिवळा, कडक, चर्मपत्रासारखा, आणि क्रमांक दर वेळी ८८९४. तो क्रमांक असलेली नोट म्हणजे आठवण म्हणून विकली गेलेली प्रतिकृती, हे नकलांबद्दल लिहिणारं कुठलंही चांगलं पुस्तक पहिल्या पानांतच सांगतं. साधा कॅटलॉग याबद्दल गप्प असू शकतो, कारण त्याचं काम खऱ्या नोटा नोंदवणं. नकलांचा धोका असलेल्या क्षेत्रात, मग ती फ्रेंच राज्यक्रांतीतली असिन्या नावाची कागदी नोट असो की दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतलेली इंग्लंडची पांढरी नोट, नकलांवरचं वेगळं पुस्तक कॅटलॉगइतकंच गरजेचं आहे. किंबहुना मी तर तेच आधी घेईन.

याच्या उलट, पुस्तकात आहे पण कधी चलनात आलीच नाही, अशाही नोटा असतात. १९४६ च्या हंगेरीत महागाई इतकी भडकली की १० कोटी बी-पेंगोची, म्हणजे एकावर वीस शून्यं एवढ्या पेंगोची नोट खरोखर बाजारात आली. तिच्या दहापट मोठी नोट छापून तयार होती, पण बाहेर पडण्याआधीच नवं चलन आलं. कॅटलॉगमध्ये दोन्ही शेजारी दिसतात आणि फरक असतो तो फक्त 'जारी नाही' या अर्थाच्या एका बारीक टिपेचा. जो लेखक अशी टीप विसरतो, त्याच्या बाकीच्या टिपांवरचा माझा विश्वास उडतो.

दुकानात पुस्तक चाळायला मिळालं तर मी एक छोटी परीक्षा घेतो. माझ्याकडच्या तीन नोटा डोक्यात ठेवून जातो. एक सर्रास मिळणारी, तिचं पान सापडायला किती वेळ लागतो ते बघायला. एक अशी की जिचे दोन पोटप्रकार मी स्वतः भिंगाखाली पाहिलेत, लेखकाने ते वेगळे केलेत का बघायला. आणि तिसरी ती केळीची नोट. सुरुवातीच्या केळीच्या नोटांवर अक्षरांबरोबर पूर्ण अनुक्रमांक असायचा, नंतर नुसती अक्षरं उरली. ज्या पुस्तकात हा भेद आहे, आणि शिवाय जपानच्या प्रकरणात 'मलाया पाहा' अशी एक ओळ आहे, ते मी घरी आणतो.